घराच्या छतासाठी सोलर पॅनल कसं निवडाल?

सोलर बसवताना वीजबिलाइतकीच छतावरची सावलीही पाहा. १ किलोवॅटसाठी साधारण १०० चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते. त्यातून महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते.

महाराष्ट्रात पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवतात. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने टाकी, जिन्याची खोली, झाड यांची सावली उत्तरेकडे लांबवर पडते. उन्हाळ्यात पाहणी केली, तर ती लक्षातच येत नाही. अशा जागी पॅनल नको. एकमेकांना जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली आली, तरी सगळ्यांची वीज घटू शकते.

जागा कमी असेल तर मोनो पॅनल घ्या. पॉलीपेक्षा त्यांना कमी जागा पुरते. छत पत्र्याचं असेल, तर ते वजन आणि वादळी वारा पेलेल का, हे आधी तपासून घ्या.