नव्या राजवाड्याचें घरपण

करवीर नगरींतील नवा राजवाडा पाहावयास येणारे प्रवासी तळमजल्यावरील वस्तुसंग्रहालय पाहून परततात. शस्त्रें, पोशाख, पेंढा भरलेले वाघ आणि शिवचरित्रांतील प्रसंग रंगविलेल्या दरबारांतील कांचा यांनीं ते तृप्त होतात. वरच्या मजल्यावर छत्रपति घराण्याचा निवास अद्यापि आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतहि येत नाहीं. आणि आमच्या मतें तीच अधिक महत्त्वाची होय.

या वास्तूचें काम १८७७ सालीं सुरू होऊन १८८४ सालीं संपलें. मेजर चार्ल्स मँट यांनीं काळ्या दगडाच्या या इमारतींत गुजराथ-राजस्थानकडील कमानी व घुमट यांची सांगड घड्याळाच्या मनोऱ्याशीं घातली. जुन्या राजवाड्यांतील चौक-सोपे सोडून गांवाबाहेर, बावड्याच्या वाटेवर, वारा व उजेड घेणारें घर बांधणें हीच त्या काळची आधुनिक सुखसोय!

परंतु तेव्हां गादीवर असलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या नशिबीं तें सुख नव्हतें. त्यांना वेड लागलें असें सरकारनें ठरविलें. 'केसरी' व 'मराठा' यांनीं कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलें, आणि त्यापायीं टिळक-आगरकरांना १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. पुढें डिसेंबर १८८३ मध्यें महाराज अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांतच वारले. मँट १८८१ सालींच निवर्तले होते. आंखणाराहि नाहीं, धनीहि नाहीं, अशा स्थितींत घर पुरें झालें. त्याच वर्षीं, १७ मार्चला, कागलकर घाटग्यांचे नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपति झाले.

रंकाळ्याकांठचा शालिनी पॅलेस (१९३१-३४) पुढें, १९८७ मध्यें, हॉटेल झाला. भिंती राखण्याचा तोहि एक मार्ग. पण त्यांत घराणें उरत नाहीं. जुन्या वास्तूंत विजेची तार व पाण्याचा नळ आणणें म्हणजे विटाळ, असें मानणारे रसिक आहेत. राहावयाचें मात्र दुसऱ्यांनीं! ज्या घरांत न्हाणीघर नीट होत नाहीं, त्यांतून सुना-मुलें प्रथम बाहेर पडतात व मागाहून इतिहास. शिवाजी पेठेंतील अन् मंगळवार पेठेंतील वाड्यांना तर तळमजल्याचें तिकीट लावण्याचीहि सोय नाहीं. तेथें माजघराशेजारीं मोरी बांधून घेण्यास एखादा भाऊ तयार असतो. घोडें अडतें तें सामाईक छपराची कौलें कोणीं परतावयाचीं यावर.