अंडरकट, दोन अंडी आणि 'शाळेत सांगू नको'

मागच्या रविवारी रात्री मी घरी स्टेक केला. नाव इंग्रजी असले तरी पदार्थ फार साधा आहे. मोठ्याच्या मटणाचा बोटभर जाडीचा काप, मीठ, मिरी, तापलेला लोखंडी तवा आणि वर दोन अर्धवट शिजलेली अंडी. पाव नव्हता म्हणून सोबत ज्वारीची भाकरी. गावाकडून आलेली आई, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि मी, चौघे पोटभर जेवलो. जेवण झाल्यावर मुलगा म्हणाला, "उद्या मॅडमना सांगणार, बाबांनी स्टेक केला." आई हात धूत होती. तिथूनच म्हणाली, "नको रे बाळा. अंडं खाल्लं म्हणून सांग. दुसरं शाळेत सांगू नको."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. आमच्या घरात शिजले ते म्हशीचे मांस होते. महाराष्ट्रात ते कायदेशीर आहे. गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीवर नाही. म्हणजे आईला भीती कायद्याची नव्हती. मग कशाची होती? ती जुनी आहे, तिच्या वयापेक्षाही जुनी.

आधी त्या कापाविषयी बोलू. पुण्या-मुंबईच्या मोठ्याच्या खाटकाकडे 'अंडरकट' म्हटले की तो काय समजायचे ते समजतो. पाठीच्या कण्याखालचा, जनावराला चालताना-ओढताना फारसा न लागणारा स्नायू, म्हणून सर्वांत मऊ. अख्ख्या जनावरात तो थोडासाच निघतो. हा शब्द आपल्याकडे आला तो गोऱ्यांच्या छावण्यांमधून, खाणावळींमधून आणि क्लबांमधून. आमच्या आजीला तो शब्द माहीत नव्हता आणि तो तुकडाही तिच्या ताटात कधी आला नसावा. तिच्या चुलीवर शिजायचे ते हाडाचे, चिवट, नांगर ओढून ओढून थकलेल्या जनावराचे. असे मांस तव्यावर पाच मिनिटांत होत नाही. त्याला तासन्‌तास उकळावे लागते. म्हणून आपल्याकडे पातळ रस्सा आहे, वजडी आहे, रक्ती आहे, आणि उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्या आहेत. पावसाळ्यात काम नसले की निखाऱ्यावर भाजलेली चानी आणि भाकरी, एवढेच जेवण. 'आपल्या लोकांना असेच आवडते' असे म्हणणारे भेटतात. आवड नंतर तयार झाली. आधी होता तो वाट्याला आलेला तुकडा. कुणाच्या ताटात कोणता काप पडतो, हा समाजशास्त्राचाच प्रश्न आहे.

आणि तो तुकडा तरी कसा यायचा? गावकीतून. महाराने गावातले मेलेले ढोर ओढून न्यायचे, त्याची विल्हेवाट लावायची, आणि मोबदला म्हणून तेच मांस घ्यायचे. वतन असे त्याचे भारदस्त नाव. मित्रांनो, इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण आपल्यातलेच अनेक जण तो विसरतात. मारलेल्या जनावराचे ताजे मांस वेगळे आणि मेलेल्या जनावराचे मांस वेगळे. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते दुसरे.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला आठवते, ते आठवलेच पाहिजे. पण त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन झाले होते, ते आपण घाईत ओलांडून जातो. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब महाडलाच स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, इथपासून ते बोलले आणि मेलेल्याचे मांस घरात शिजू द्यायचे नाही ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. म्हणजे ही लढाई तळ्याइतकीच चुलीपाशी लढली गेली. तळ्यावर जायला एक दिवस पुरला. चुलीवरची लढाई रोजची होती, आणि ती लढणाऱ्या बायांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी. आजीच्या सासरी तक्क्यात बैठक झाली आणि मेलेले ढोर ओढणे बंद करायचे ठरले. दुसऱ्याच आठवड्यात पाटलाचा बैल मेला. निरोप आला, कुणी गेले नाही. तीन दिवस वास सुटला. मग गावाने महारवाड्याला पीठ दळून देणे आणि दुकानातून मीठ-मिरची देणे बंद केले. आजी म्हणायची, "त्या महिन्यात उपास काय असतो ते कळलं. पर ढोर नाही शिवलं." ज्यांनी भुकेपोटी ते मांस खाल्ले त्यांनीच भूक पत्करून ते सोडले, हे आधी समजून घ्या.

त्या काळी याला विरोध कसा व्हायचा, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले आहे. कातडे, शिंगे, हाडे, मांस मिळून गावामागे वर्षाला ५०० रुपयांचे उत्पन्न आंबेडकर महारांना सोडायला लावतात, यात गरिबांचे नुकसान नाही का, असा सवाल 'केसरी'तून होत असे. संगमनेरला त्या पत्राच्या वार्ताहराने हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवला. बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, ढोरे तुम्ही ओढा, आणि वर मी माझ्या पदरचे आणखी ५०० रुपये देतो. कुणी पुढे आले नाही. सभेतल्या लोकांना तेव्हा किती हसू आले असेल!

आता उलट बाजू. मेलेल्याचे मांस सोडा म्हणणारा हाच माणूस १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहितो आणि गोमांस हा अस्पृश्यतेच्या मुळाशी असलेला मुद्दा आहे असे मांडतो. १९१० साली जनगणना आयुक्तांनी हिंदूंमध्ये कोण पूर्ण आणि कोण अपूर्ण हे ठरवायला दहा कसोट्या दिल्या होत्या, त्यांत गोमांस खाणे आणि गाईला पूज्य न मानणे याही होत्या. बाबासाहेब ती यादी हातात घेऊन मागे जातात. वैदिक काळात पाहुण्याला 'गोघ्न' म्हणत, म्हणजे ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो. मधुपर्कात मांस लागे. मग एकेकाळी खाणारे पुढे न खाणारे कसे झाले? त्यांच्या मते बौद्ध धम्माशी चाललेल्या स्पर्धेत ब्राह्मणांनी मांस सोडले, गाय पवित्र केली, आणि गावाबाहेर राहणारी, बौद्ध असलेली, 'ब्रोकन मेन' म्हणजे वाताहत झालेली माणसे गरिबीमुळे मेलेल्या गाईचे मांस खात राहिली, म्हणून अस्पृश्य ठरली. काळ त्यांनी साधारण इ. स. ४०० च्या आसपासचा धरला.

या मांडणीवर इतिहासकारांमध्ये वाद आहेत. पुराव्याच्या तुटलेल्या कड्या आपल्याला तर्काने जोडाव्या लागल्या, हे खुद्द बाबासाहेबांनी प्रस्तावनेत मान्य केले आहे. भक्तिभावाने वाचणाऱ्यांनी ती प्रस्तावना आधी वाचावी. पण काळ शंभर-दोनशे वर्षे इकडे-तिकडे झाला तरी मूळ प्रश्न तसाच उरतो. एकाच जनावराच्या मांसावरून कुणाला घरात घ्यायचे आणि कुणाला वेशीबाहेर ठेवायचे हे ठरले, ते कसे?

त्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी गोवंशरक्षणाची दुरुस्ती मांडली आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचे अनुच्छेद ४८. आपल्याला हे अडचणीचे वाटते, म्हणून आपण ते बोलत नाही. पण नीट पाहा: ते मूलभूत हक्कांत गेले नाही, मार्गदर्शक तत्त्वांत गेले, आणि त्याची भाषा धर्माची नाही, आधुनिक व शास्त्रीय पद्धतीच्या शेती-पशुपालनाची आहे. सभेतला समतोल त्यांनी सांभाळला आणि ग्रंथात जे म्हणायचे ते म्हटले. दोन्ही खरे आहे.

मग आपल्या माणसांच्या ताटात स्टेक आला कुठून? छावणीतून. महार माणूस जुन्या फौजेत होता. १८९२-९३ च्या सुमारास त्याची भरती बंद झाली. पण गोऱ्यांच्या बंगल्यांवर, क्लबांत, मेसमध्ये नोकर म्हणून तो टिकला. सवर्ण नोकर त्या स्वयंपाकघराला शिवत नसत, त्यामुळे ती जागा महार, मुसलमान आणि गोव्याच्या ख्रिस्ती माणसांसाठी मोकळी राहिली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. त्याच माणसाने १९०३ साली सासवडला ५१ गावच्या महारांची सभा घेतली, सरकारकडे अर्ज केला आणि १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. गावाबाहेरच्या त्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसाला इंग्रजी ऐकू आले, वर्तमानपत्र हाताशी आले, आणि माणूस माणसाच्या हातचे खाऊ शकतो हे डोळ्यांनी दिसले. मी साहेबाचे गुणगान करत नाही. भरती बंद करणारेही तेच साहेब होते.

अंड्याची गोष्ट त्यामानाने लहान आहे, पण आजची आहे. आजी सांगे की महारवाड्यात कोंबड्या असायच्या, मात्र अंडे पोरांच्या तोंडी क्वचित पडायचे. कुणी अंमलदार मुक्कामाला आला की कोंबडी आणि अंडी आपल्याच दारातून जायची, फुकट. आता सरकारचे पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी देणे बंद केले. मी वस्त्यांमध्ये काम करतो. खाऊच्या दिवशी मुलांची हजेरी कशी असते ते मला कुणी सांगायला नको. स्वस्तात मिळणारी इतकी चांगली प्रथिने दुसऱ्या कशात आहेत, ते अंड्याला नाक मुरडणाऱ्यांनी सांगावे.

कायद्याचेही थोडक्यात. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. बैल आणि वळू यांच्यावरही बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळात मंजूर झाली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्या राज्यात कापलेल्या जनावराचे मांस घरात सापडले तरी गुन्हा, आणि निर्दोषत्व सिद्ध करायचे आरोपीने. ही शेवटची दोन कलमे मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केली. माणूस स्वतःच्या घरात काय खातो त्यात राज्याने डोकावायचे नाही, हा त्याचा गाभा. आणि हाच देश म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगातल्या पहिल्या काही देशांत आहे! परदेशातल्या ताटात गेले की परकीय चलन, आपल्या ताटात आले की बाट.

आता घरातला वाद. आपल्यातले काही उपासक म्हणतात, आपण बौद्ध झालो, मांस कसले खाता? त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा काढावा. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी तिथे भेद केला आहे. अहिंसा हा त्यांच्या लेखी विवेकाचा विषय आहे, जातीच्या सोवळ्याचा नाही. कुणी करुणेपोटी मांस सोडले तर मी त्यांना वंदन करीन. पण शेजारी काय म्हणतील म्हणून सोडणारे आणि त्याला धम्माचे नाव देणारे जास्त आहेत. दुसऱ्या टोकाला आपले काही तरुण मित्र फोटो टाकण्यापुरते बीफ खातात. १५ एप्रिल २०१२ रोजी उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी बीफ फेस्टिव्हल केला, तो वसतिगृहाच्या खानावळीत आपल्या अन्नाला जागा मागण्यासाठी होता. त्यांनी त्याची किंमतही मोजली. ज्याला घरी आईसमोर ते शिजवायची लाज वाटते त्याने चौकात घोषणा देऊन काय होणार?

या अन्नाची नोंदही आपल्याच लोकांना करावी लागली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. त्याआधी २००९ मध्ये शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुणे विद्यापीठात दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या होत्या. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढची कुणी बाई असेल तर वही घेऊन तिच्यासमोर बसा. चान्या किती दिवस वाळवायच्या, वजडी कशी साफ करायची, आणि ते सोडले त्या वर्षी घरात काय झाले, तिघांचीही नोंद करा.

आणि करायचा असेल त्यांच्यासाठी: अंडरकट नसेल तर कोणताही मऊ काप घ्या, पण धाग्याच्या आडवा कापून घ्या. मीठ लावून अर्धा-पाऊण तास ठेवा. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, म्हणून तव्यावर तेल हात आखडून घालू नका. तवा धूर येईपर्यंत तापवा, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे, मग काढून पाच मिनिटे झाकून ठेवा. तेवढ्या वेळात त्याच तव्यात अंडी फोडा. चिवट वाटले तर आधी कच्च्या पपईचा कीस लावा, हे आईने सांगितले. कुठे शिकली विचारले, तर म्हणाली, "तुझ्या आजीनं. तिला कुणी शिकवलं ते नाही विचारलं कधी."

सोमवारी मुलगा शाळेतून आला. मी विचारले, सांगितलेस का? तो म्हणाला, "हो. मॅडम म्हणाल्या, स्टेक म्हणजे काय?" मग त्याने काय सांगितले, असे आईने विचारले. तो म्हणाला, "मी म्हटलं, आमच्या घरी या."

आई काही बोलली नाही. डब्यात उरलेला काप होता, तो तिने रात्री रश्श्यात टाकला.

जय भीम.