आवणीतली पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाया

पोर सांभाळायचं मोल आमच्या खोऱ्यात पैशात ठरत नव्हतं. आवणीच्या दिवसांत माझी आजी वाडीतली तान्ही आणि रांगती पोरं सांभाळायची, आणि मळणी उरकली की ज्या त्या घरातून तिच्याकडे भात यायचं. दोन वर्षांच्या पोरामागे अधोली, अंगावर पिणाऱ्यामागे पायली. आखाडात कोणाच्याच घरी द्यायला दाणे नसायचे, त्यामुळे हिशोब दिवाळीनंतरच. एखाद्या घरचं भात पावसानं झोपलं तर त्या वर्षी नाचणी यायची, नाहीतर नुसतं 'पुढच्या सालाला बघू आक्का' यायचं. आजीनं त्यावरून कोणाचं पोर माघारी लावलं नाही.

आमची पासली वेल्ह्यातून केळदला जाणाऱ्या वाटेवर आहे. पुढे मढे घाट उतरला की महाडचा मुलूख. या पट्ट्यात दांडगा पाऊस पडतो आणि सगळी शेती त्याच्या तालावर. चिखलणी झाली की रोप त्याच दोन-तीन आठवड्यांत लागलं पाहिजे. पाणी हललं की रोप वाया. म्हणून आवणीला घरातला प्रत्येक हात लागतो. बाळंतीण उठून चाळीस दिवस झाले असतील तर तीही इरलं घेऊन खाचरात वाकलेली असते. सावडीनं काम चालायचं, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. पोरं सांभाळणारी म्हातारीही सावडीतला एक हात धरली जायची, ती वाकली नाही तरी.

आजीकडे काय काय मिळायचं ते सांगते, कारण पुढे अंगणवाडीत मी हेच काम सरकारी नोंदवहीत लिहीत आले. उजाडता पोर यायचं, दिवे लागणीला जायचं. तान्ह्याला आढ्याला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी. रांगत्याच्या कमरेला सुती दोरी, दुसरं टोक खांबाला; हे ऐकून आज लोक दचकतात, पण बाहेर ओढा भरून वाहत असायचा. दुपारी नाचणीची आंबील नाहीतर तांदळाची पेज. ओली झबली वाळवायला शेणीच्या धगीवर उलटी पाटी. दूध पाजायला आई दुपारी एकदाच यायची, चिखलाचे पाय धुऊन, पाठ टेकायलाही वेळ नसलेली.

आणि गुटी. हे मी तिच्या मांडीशी बसून पाहिलेलं आहे. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब, त्यात हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरडशेंग एकेक करून उगाळायची. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. पोट धरलं असेल तर मुरडशेंगेचे दोन जास्त, कफ असेल तर वेखंडाचा एक. जायफळ आलं की मात्र तिचा हात थांबायचा. जायफळानं पोर झोपतं, आणि सहा-सात पोरं ज्या म्हातारीपुढे आहेत तिला ती झोपलेली हवी असणारच. ती अर्धा वेढा फिरवायची आणि जायफळ पदराला पुसून डबीत टाकायची. कधी सबंध वेढा फिरवलेला मी पाहिला नाही. पोर सांभाळणाऱ्या बाईची पारख मी आजही याच अर्ध्या वेढ्यावर करते.

कारण मुंबईत तो मोह आवरला गेला नव्हता. आमच्या मावळातली माणसं गिरणीत, गोदीत, बाजारात हमालीला गेली. काहींनी बायकोही नेली. गिरणीतल्या बाईनं तान्हं ठेवायचं कोणाजवळ? चाळीतल्या शेजारणीजवळ, चार पैसे देऊन, किंवा स्वतःच्या सात-आठ वर्षांच्या लेकीजवळ. आणि पोर दिवसभर गप्प राहावं म्हणून बाळगोळी, म्हणजे अफू. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरना नेमलं होतं. १९२२ साली त्यांनी लिहून ठेवलं की या बायकांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जाते. मी त्या आयांना दोष देत नाही. दहा तास साच्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईला दुसरं काही कोणी देऊच केलं नव्हतं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं, पन्नासच्या वर बाया असतील तिथे मालकानं पाळणाघर चालवावं असं बंधन आलं. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. पण गावात मालक कोण? खाचर आपलंच, पाऊस देवाचा, आणि पोर आपलं.

आजीला भात मिळायचं, पण सगळ्या घरांना म्हातारी नव्हती. ज्या घरात नव्हती तिथे थोरली पोरगी होती. माझी चुलत बहीण दुसरीत असताना तिच्या कडेवर पहिला भाऊ बसला, मग दुसरा, मग बहीण. ती पुन्हा शाळेत गेली नाही. तिला पायली नव्हती, अधोली नव्हती. पोर सांभाळायची खरी किंमत आमच्याकडे तिच्यासारख्या पोरींनी मोजली, आणि ती कोणत्याही वहीत चढलेली नाही.

ही गोष्ट ज्या दोघींनी ओळखली त्यांचं मला फार कौतुक वाटतं. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आलेल्या, माँटेसरी पद्धत जाणणाऱ्या. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्याच साली पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी मागे ठेवून अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. अनुताई बालविधवा, आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. बालवाडी काढली तरी वस्तीतली पोरं येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आधी पोरांना न्हाऊ घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. पुढे १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर वारल्यांच्या पाड्यांत त्यांनी विकासवाडी उभी केली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरलीनं धाकट्याला कडेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात जाऊन बसावं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, ती तर कुरणातच भरायची. माझ्या चुलत बहिणीला हवं होतं ते नेमकं हेच होतं. कोसबादला ते झालं, आमच्याकडे पोचायला फार वर्षं गेली, आणि पोचलं तेव्हा त्यातलं पाळणाघर वाटेतच गळलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे अंगणवाडी, देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. मेळघाटातलं धारणी त्यांपैकी एक. सेवा सहा सांगितल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात धाडणं, आयांना आरोग्य-आहाराचं शिक्षण, आणि शाळेआधीचं शिक्षण. आईबापाकडून फी एक पैसाही नाही. सेविकेला महिन्याला मॅट्रिक असेल तर १५० रुपये, नसेल तर १००, मदतनीस बाईला ३५. मी लागले त्या सुमारास, १९८६ मध्ये, मॅट्रिकवालीचे २७५ झाले होते. पुढे १९९७ ला ५००, २००२ ला १०००, २०११ ला ३००० आणि २०१८ ला ४५०० असा केंद्राचा आकडा चढत गेला. राज्य त्यात आपली भर घालतं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सेविकेचे १०,००० केले आणि मदतनिसाचे ५,५००. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या आणि पन्नासहून जास्त दिवस मागे हटल्या नाहीत.

मदतनिसाचा हा आकडा ज्यांना लहान वाटत नसेल त्यांनी शेजारी दुसरा ठेवून पाहावा. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक तरतूद केली गेली: कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच पोरं जमली की त्यांच्यातल्याच एकीला पोरं सांभाळायला बसवायचं आणि तिला इतरांइतकीच पूर्ण मजुरी द्यायची. २०२४-२५ ला महाराष्ट्रात ती दिवसाला २९७ रुपये होती. कायद्यानं पोर सांभाळणं हे माती उचलण्याइतकंच काम धरलं. मला या एका ओळीचा अभिमान वाटतो. बांधावर ती अमलात आलेली मात्र मी क्वचितच पाहिली. मस्टरवर नाव लावायची वेळ आली की 'म्हातारी बघंल की' असंच ऐकलं.

अंगणवाडीत आम्ही पोरांना सुकडी दिली, मग उसळ, खिचडी. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी कामावर खाल्लेली ती सुकडी आयांच्या ओळखीची होती, म्हणून पोरंही पटकन खायची. वजन घ्यायचो, लस टोचून घ्यायचो, ज्या पोराच्या पायावर सूज दिसेल त्याच्या आईला स्वतः घेऊन दवाखान्यात जायचो. एका पावसाळ्यात एका आजारी पोरासाठी मी वरच्या कचेरीत गाडी मागितली आणि उत्तर मिळालं की अर्ज द्या. पोर शेवटी बापाच्या खांद्यावरून गेलं. वाचलं, एवढंच बरं.

पण अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या पोराची, आणि तीही सकाळच्या तीन-चार तासांची. त्याहून लहान असेल त्याच्या घरी आहाराचं पाकीट जातं. आवणीतली आई सात वाजता घर सोडते आणि अंधार पडता येते. तिचं आठ महिन्यांचं तान्हं त्या पाकिटाबरोबर कोणी सांभाळायचं? शाळेचा जुलैचा हजेरीपट काढून बघा, पाचवी-सहावीच्या मुलींच्या रकान्यात उत्तर आहे. आणि म्हाताऱ्याही आता घरात राहिल्या नाहीत. लेक-सून पुण्याला गेली की नातू सांभाळायला त्या धायरी-नऱ्ह्याच्या फ्लॅटमध्ये जातात. तिथल्या पाळणाघरांचे दर महिन्याला काही हजार, डबा घरचा, उशीर झाला की तासाचे वेगळे. ते परवडत नाही म्हणून आजीला गावाहून नेलं जातं.

स्वस्तात दिवसभराचं पाळणाघर सरकारला जमणारच नाही असं कोणी म्हणालं तर मी २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेकडे बोट दाखवीन. सहा महिने ते सहा वर्षं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, पंचवीस पोरांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. दारिद्र्यरेषेखालच्या घरानं महिन्याला २० रुपये द्यायचे, बारा हजारांपर्यंत मिळकत असेल त्यानं १००, त्यापुढच्यानं २००. सांभाळणारीला ३००० आणि मदतनिसाला १५०० देऊन ती चांगली चालणार नव्हती, हा तिचा दोष. २०२२ पासून तिचं नाव पाळणा झालं आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आली.

ती सोय पासली-केळद पट्ट्यातल्या वाड्यांना मिळावी असं मी ग्रामसभेत मागितलं आहे. वर्षभर नाही जमलं तर जूनच्या शेवटापासून ऑगस्ट उतरेपर्यंत तरी. वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात, तान्ह्यांसकट. बसवायच्या त्या वाडीतल्याच दोन बाया, त्यांना रोजगार हमीची पूर्ण मजुरी, आणि आयांना दुपारी दूध पाजायला येता येईल अशी जागा खाचरांच्या जवळ, समाजमंदिरात किंवा शाळेच्या पडवीत. झोळ्या बांधायला आढं मजबूत आहे की नाही, ते मी स्वतः जाऊन बघून आले आहे.