शस्त्रक्रियोत्तर घसादुखी : प्रतिबंध
पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीने आतील अस्तर दुखावून होणारा त्रास. बहुधा काही दिवसांत आपोआप शमतो. प्रतिबंधात सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते नळीच्या टोकाजवळील फुग्याकडे. त्यातील दाब २० ते ३० सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात. त्यापुढे अस्तराचा रक्तपुरवठा अडू लागतो. फुगा बोटांनी चाचपून बांधलेला अंदाज फसवा असतो, म्हणून दाबमापक हवाच. नायट्रस ऑक्साइड वायू फुग्यात शिरून दाब वाढवतो. तो वापरल्यास मोजणी पुन्हा करावी लागते. शक्य तेथे बारीक नळी किंवा स्वरयंत्रावर बसणारा मुखवटा निवडतात. भुलीपूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या, हा आजीबाईच्या बटव्यातला वाटणारा उपायही चाचण्यांत उपयुक्त ठरला आहे. उलट लिडोकेन या बधिरता आणणाऱ्या औषधाच्या फवाऱ्याने घसा कधी कधी अधिकच दुखतो.