फुफ्फुसाचा कर्करोग : प्रत्येक जुना खोकला टीबीचा नसतो

महिनाभर खोकला, घटलेले वजन, संध्याकाळची कणकण आणि एक्स-रेमध्ये दिसलेला ‘डाग’. असा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा घरच्यांनी निदान आधीच केलेले असते: “डॉक्टर, टीबीच असेल ना?” आपल्याकडे टीबी खूप आढळतो, त्यामुळे ही शंका चुकीची नाही. पण फुफ्फुसाच्या कर्करोगाची लक्षणेही अगदी अशीच असतात. काही वेळा बेडक्यात टीबीचे जंतू सापडलेले नसताना केवळ एक्स-रेवरून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. त्यात दोन-तीन महिने जातात आणि तोवर गाठ वाढते. हा उशीर टाळता येण्यासारखा आहे.

फुफ्फुसाचा कर्करोग म्हणजे काय?

श्वासनलिकांच्या किंवा फुफ्फुसाच्या पेशी अनियंत्रितपणे वाढू लागल्या की गाठ तयार होते. फुफ्फुसाला आतून वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे गाठ लहान असताना बहुधा काहीच त्रास होत नाही. दुखू लागते ते गाठ फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत किंवा छातीच्या भिंतीपर्यंत पोहोचल्यावर. जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख मृत्यू झाले. मृत्यू इतके जास्त असण्याचे मोठे कारण म्हणजे उशिरा होणारे निदान.

धोका कोणाला जास्त?

- बिडी-सिगारेट ओढणारे : हे सर्वांत मोठे कारण. ‘बिडी पानाची असते, ती सिगारेटइतकी वाईट नाही’ हा गैरसमज आहे. बिडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते.
- इतरांचा धूर घेणारे : घरात कोणी ओढत असेल तर त्या धुराचा धोका बायको-मुलांनाही असतो.
- चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया : लाकूड, गोवऱ्या किंवा दगडी कोळसा यांचा धूर वर्षानुवर्षे फुफ्फुसात जातो.
- प्रदूषित हवेत राहणारे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेचा समावेश कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केला.
- काही कामगार : अ‍ॅस्बेस्टॉस, दगडाची बारीक धूळ आणि डिझेलचा धूर यांच्याशी रोजचा संबंध येणारे.

आपल्या देशात कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तींमध्येही, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा कर्करोग आढळतो. “मी तर ओढतच नाही” म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका.

कोणती लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे?

- दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला
- बिडी-सिगारेटमुळे येणाऱ्या नेहमीच्या खोकल्यात झालेला बदल
- बेडक्यातून रक्त पडणे, अगदी थोडे असले तरी
- धाप लागणे, छातीत, पाठीत किंवा खांद्यात सतत दुखणे
- आवाज बसणे आणि तो न सुटणे
- कारण नसताना वजन घटणे, भूक मंदावणे
- एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया

टीबी की कर्करोग? गल्लत कशी टाळावी?

१. प्रथम बेडका तपासा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते.

२. बेडक्यात जंतू नसतील आणि तरीही टीबीचे उपचार सुचवले गेले, तर “दुसरे काही असू शकते का? सीटी स्कॅन करावा का?” असे डॉक्टरांना जरूर विचारा. यात संकोच नको.

३. टीबीचे उपचार सुरू करून एक-दोन महिने झाले, तरी वजन घटतच आहे किंवा एक्स-रेमधील डाग वाढतो आहे, तर पुन्हा तपासणी हवीच. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका. क्वचित दोन्ही आजार एकत्रही असतात.

४. संशय असल्यास दुर्बिणीने किंवा सुईने तुकडा काढून तपासतात. यालाच बायोप्सी म्हणतात. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ या भीतीने अनेक जण ती टाळतात. पण तिच्याशिवाय कर्करोगाचा प्रकार कळत नाही आणि उपचारही ठरत नाहीत.

साधा एक्स-रे चांगला आला, तरी लहान गाठ नसेलच असे नाही. लक्षणे कायम असतील तर पुढची तपासणी करून घ्या.

उपचार आहेत का?

आहेत. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता येते. पसरलेल्या आजारात केमोथेरपी, रेडिएशन आणि इम्युनोथेरपी हे पर्याय आहेत. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल आढळतो. त्यांना त्या बदलावर काम करणाऱ्या गोळ्या देता येतात.

आजपासून काय करता येईल?

बिडी-सिगारेट सोडणे हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. सोडल्यानंतर सुमारे दहा वर्षांत या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, जवळपास निम्मा होतो. “आता वय झाले, सोडून काय उपयोग” असे म्हणू नका. मदतीसाठी तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. घरात चूल असेल तर धूर बाहेर जाण्याची सोय करा, शक्य तिथे गॅस वापरा.

आणि घरात कोणी महिनाभर खोकत असेल, तर कफ सिरपची आणखी एक बाटली आणण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.