काय बघायचं? आधी काय उरलंय ते बघा!

शनिवारी रात्री ‘काय बघायचं?’ म्हणून आपण अर्धा तास नुसती नावं चाळतो. पण यादीत काय नाहीये?

‘आलम आरा’ (१९३१). भारताचा पहिला बोलपट, पण आज एकही प्रत सापडत नाही. नायट्रेटची फिल्म भरकन पेटायची, शिवाय चांदी काढण्यासाठी जुनी रिळं सरळ विकली जायची. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तोवर आपले बहुतेक मूकपट गेलेच होते. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) वाचला, हे आपलं नशीब.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं बघा. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि तिच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. तंत्रज्ञांनी ती ठिसूळ फिल्म चिकाटीने पुन्हा वापरण्याजोगी केली, जिथे जमलं नाही तिथे इतर प्रती वापरल्या, आणि २०१५ साली तिन्ही चित्रपट नव्याने लोकांसमोर आले.

म्हणून मंडळी, माझी युक्ती साधी आहे: स्टार्स मोजू नका. सिनेमा कुणी जपला, कुणी दुरुस्त केला ते शोधा, आणि त्याच लोकांनी वाचवलेला पुढचा सिनेमा लावा. एवढी मेहनत कुणी उगाच घेत नाही. शक्यतो पैसे देऊनच बघा. पुढचं रीळ त्यातूनच वाचतं.