अपोलो बंदरावरील शिडांच्या शर्यती

मुंबईत 1846 साली शर्यतीच्या शिडाच्या नौकांचा, म्हणजे यॉटचा, छंद जोपासणाऱ्या इंग्रजांनी स्थापन केलेल्या क्लबला 1876 मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि तो ‘रॉयल बॉम्बे यॉट क्लब’ म्हणून ओळखला जाऊ लागला. अपोलो बंदरावरील त्याचे जुने क्लबगृह पुढे अणुऊर्जा विभागाकडे गेले, तर क्लबचा कारभार जवळच्या निवासी इमारतीत चालू राहिला. वारा व भरती-ओहोटी यांचे गणित जाणणारे कोळी दर्यावर्दी याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत असूनही स्वातंत्र्यापूर्वी या क्लबचे सदस्यत्व युरोपीयांपुरतेच मर्यादित होते. म्हणूनच त्याचा इतिहास नौकाक्रीडेइतकाच वसाहतकालीन समाजरचनेचाही इतिहास ठरतो.